गार ठेवणारं आणि शिजवणारं यंत्र: घ्यायचं तर कसं तपासायचं, नसेल तर फ्रीज-कुकरवर कसं भागवायचं

कुपवाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा असो, की कराडहून रोज साताऱ्याला नोकरीसाठी ये-जा करणारी असो, संध्याकाळी कुलूप उघडताना दोघांनाही गरम कालवण तयार हवं असतं. सकाळी सगळं भांड्यात घालून जावं, दिवसभर ते गार राहावं आणि आपण यायच्या तासभर आधी यंत्रानं स्वतःच शिजवायला घ्यावं, अशी ही मागणी. तशी यंत्रं जगात निघालीही आहेत. व्हर्लपूल कंपनीनं अमेरिकेत २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘पोलारा’ नावाचा ओव्हन आणला. त्याच्या पोटात फ्रीजसारखी शीतकरणाची सोय होती. सकाळी ठेवलेलं भांडं दिवसभर थंड राहायचं आणि ठरलेल्या वेळी तोच ओव्हन तापायचा. पुढे २०१८ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवरून ‘सूवी’ आलं. ओट्यावर मावणारं, वेगवेगळ्या कप्प्यांत पाणी खेळवून आधी गार ठेवणारं आणि मग शिजवणारं. ‘मेलो’ नावाचं तिसरं एक यंत्र पिशवीबंद मांस किंवा भाजी थंड पाण्यात ठेवायचं आणि वेळ झाली की तेच पाणी तापवून मंद शिजवायचं.

यातलं कुठलंही आपल्याकडच्या दुकानात सहज मिळत नाही. अमेरिकेतला भाचा येताना घेऊन येतो म्हणाला, तरी त्याला आधीच थांबवा. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. दीड-दोन हजार वॉटच्या यंत्रासाठी लागणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर वजनाला जड आणि महाग. तो व्होल्टेज उतरवतो, पण हर्ट्झ, म्हणजे विजेची वारंवारता, बदलत नाही, आणि कंप्रेसरला त्याचा त्रास होऊ शकतो. शिवाय बिघडलं तर गॅस भरणारा फ्रीज मेकॅनिक एक, हीटरचा वायरमन दुसरा आणि अ‍ॅपवर चालणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करणारा तिसरा शोधावा लागतो.

तरीही ही यंत्रं नेमकं कोणतं काम करतात हे समजून घेण्यासारखं आहे. ते कळलं, की ‘गार पण करतो, गरम पण करतो’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या पेट्यांमधली खरी कुठली आणि खोटी कुठली हे ओळखता येतं. त्यातलं बरंचसं काम घरच्या फ्रीज आणि कुकरवरही होतं.

सगळा खेळ ५ आणि ६० या आकड्यांचा

अन्न बिघडवणारे बहुतेक जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे वाढतात. ५ च्या खाली ते जवळजवळ थंडावतात, ६० च्या वर त्यांची वाढ थांबते. म्हणून यंत्राची परीक्षा एकाच प्रश्नावर होते: अन्न या मधल्या पट्ट्यात किती वेळ राहिलं? साधारण नियम असा की लवकर नासणारं अन्न तिथं दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त उकाडा असेल तर एक तासच. सांगलीत मार्च लागला की ३२ चा आकडा रोजचाच, त्यामुळे आपण एक तासच धरून चालावं.

इथं एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. ‘नंतर चांगलं उकळलं की झालं’ असं आपण म्हणतो. भातात सापडणाऱ्या बॅसिलस सेरियस जातीच्या जंतूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांची एक जात जे विष तयार करते, ते कुकरच्या शिट्ट्यांनीही निष्प्रभ होत नाही. उलट्या व्हायला तेवढं पुरतं. मटण-चिकनच्या रश्श्यात आणि घट्ट कालवणात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा दुसरा जंतू असतो. त्याला ४३ ते ४५ अंशांची ऊब मिळाली तर दहा-एक मिनिटांत तो दुप्पट होतो. मोठ्या पातेल्यातला रस्सा ओट्यावर निवायला ठेवला, की नेमक्या याच उबेत तो कित्येक तास काढतो. लग्नाच्या पंगतीनंतर उरलेल्या रश्श्यानं लोक आजारी पडतात, त्यामागं बऱ्याचदा हेच असतं. मसाल्याचा किंवा तेलाचा दोष नसतो.

म्हणजे पट्टा ओलांडायचे प्रसंग दोन. कच्चं अन्न गारातून निघून शिजायला लागतं तेव्हा एकदा, आणि शिजलेलं अन्न गार होतं तेव्हा एकदा. दोन्ही वेळी घाई करायची. चांगलं यंत्र ही घाई आपल्या वतीनं करतं. वाईट यंत्र अन्नाला पट्ट्यातच रेंगाळत ठेवतं.

गाडीतली ‘कूलर-वॉर्मर’ पेटी

ऑनलाइन आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आपल्याला खरोखर दिसते ती हीच. बारा व्होल्टवर चालणारी, एक बटण इकडे केलं की गार, तिकडे केलं की गरम. आत कंप्रेसर नसतो, पेल्टियरची चकती असते. जाँ पेल्टियर या फ्रेंच माणसानं १८३४ मध्ये दाखवून दिलं, की दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज सोडली तर एक जोड गार होतो आणि दुसरा गरम. विजेची दिशा उलटी केली की गार-गरमही उलटतं. कल्पना सुंदर आहे, आवाज नाही, गॅस नाही. पण ताकद बेताची.

अशी पेटी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंश खाली जाते. खोक्यावर हे बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. आता हिशेब करा. जानेवारीत महाबळेश्वरला बाहेर १५ अंश असताना तिच्यात दूध छान राहील. एप्रिलात मिरजेत ४० अंशांत तीच पेटी २० ते २५ वर थांबेल. ते तापमान जंतूंच्या पट्ट्यात अगदी मधोमध येतं. सकाळी घातलेलं मटण संध्याकाळपर्यंत तिच्यात ठेवणं आणि ते कपाटात ठेवणं यात फार फरक उरत नाही.

गरम करण्याची बाजू तर आणखी लंगडी. एक लिटर गार कालवण ४ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण २३५ किलोज्यूल उष्णता लागते. हजार वॉटचा हीटर ते काम चार मिनिटांत करतो. चाळीस वॉटच्या पेटीला, थोडीही उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी, दीड तासाच्या वर लागेल. प्रत्यक्षात भिंतींतून उष्णता निसटते, त्यामुळे ती तीन-चार तास घेईल किंवा ६० गाठणारच नाही. म्हणून अशा पेटीत गार अन्न ठेवून ‘गरम’चं बटण दाबणं सगळ्यात धोक्याचं. घरून वाफाळतं नेलेलं जेवण दुपारपर्यंत कोमट न होऊ देणं, किंवा आधीच गार केलेल्या बाटल्या प्रवासात गार ठेवणं, एवढ्यासाठी ती पेटी बरी. शिजवण्याशी तिचा काही संबंध नाही, दुकानदार काही म्हणो.

विजेवर डबा गरम करणारे टिफिन याच कुळातले, फक्त त्यांना गार करण्याची बाजू नसते. त्यात सकाळपासून बाहेर राहिलेला डबा गरम करू नका. ऑफिसात फ्रीज असेल तर तिथून काढून, कालवण वाफाळेपर्यंत तापवा.

विकत घेण्याआधी

मागच्या बाजूची पत्र्याची पाटी वाचा. तिच्यावर आर-६००ए किंवा आर-१३४ए असं गॅसचं नाव असेल, तर आत खरा कंप्रेसर आहे. गॅसचं नाव नाही आणि वॉट ४०-६० च्या आसपास आहेत, म्हणजे पेल्टियर. विक्रेत्याला विचारण्यापेक्षा ही पाटी भरवशाची.

मग कमाल तापमान पाहा. ६५ वर थांबणारं यंत्र गरम ठेवणारं, शिजवणारं नव्हे. डाळ, तांदूळ, बटाटा शिजायला उकळीच लागते. ८० अंशांत मांस मंद शिजेल, पण तूरडाळ दाताखाली कचकचेल. राजम्याच्या बाबतीत तर अर्धवट उष्णता घातकच. कच्च्या राजम्यातलं विषारी प्रथिन मोडायला भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळून निदान दहा मिनिटं उकळावं लागतं. मंद शिजवणाऱ्या भांड्यात थेट कच्चा राजमा टाकून निघून जाऊ नये. कुकरमध्ये हा प्रश्न येत नाही.

तिसरी गोष्ट, प्लग. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटला २३० व्होल्टवर १,३८० वॉटच्या पुढं भार देता येत नाही. शिजवणारी बहुतेक चांगली यंत्रं त्याच्या वर जातात, म्हणून १६ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग आधी करून घ्या. मल्टीप्लगवर फ्रीज आणि कुकर एकत्र लावलेले मी पाहिलेत. त्या प्लगचा रंग पिवळा पडलेला असतो.

चौथी चाचणी दुकानातच घ्या, लाजू नका. टायमर दोन तासांनंतरचा लावा, प्लग उपसा, दहा मिनिटांनी परत लावा. यंत्राला वेळ आठवते का? बरीच यंत्रं सगळं विसरून शांत बसतात. म्हणजे दुपारी अर्धा तास लाईट गेली तर संध्याकाळी तुम्हाला कच्चं, कोमट आणि कदाचित नासलेलं अन्न मिळणार, आणि यंत्राच्या पडद्यावर तक्रारीचा एक शब्दही नसणार. लाईट वारंवार जाणाऱ्या भागात हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. इन्व्हर्टरचा भरवसा धरू नका. घरगुती इन्व्हर्टर पंखे-दिवे ओढतो, दीड हजार वॉटचा हीटर नाही.

थर्मामीटर घ्या आणि आधी त्याचीच परीक्षा घ्या

अन्नात खुपसायचा सळईचा डिजिटल थर्मामीटर कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा खूप स्वस्त आहे, आणि पुढचं सगळं त्याच्याशिवाय अंदाजपंचे होतं. आणल्यावर पेल्यात ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी घालून, ढवळून, सळई बुडवा. आकडा शून्याच्या एखाद्या अंशात यायला हवा. मग उकळत्या पाण्यात. इथं शंभरची वाट पाहू नका. उंचीप्रमाणे पाणी कमी तापमानाला उकळतं. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, तिथं पाणी ९८ च्या आसपास उकळतं. साताऱ्यात त्याहून थोडं खाली, आणि साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात ९५.५ ला. महाबळेश्वरात पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, त्याचं कारण हेच. कुकर मात्र आतला दाब वाढवून ११८-१२० अंशांपर्यंत नेतो, म्हणून डोंगरावर त्याला पर्याय नाही.

थर्मामीटर बरोबर निघाला की एका रात्रीसाठी तो फ्रीजमध्ये, मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात ठेवा. सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. ४ किंवा खाली हवं. ७-८ दिसलं तर नॉब फिरवा, मागची जाळी झाडा, दाराचं रबर तपासा. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात नॉबची जागा वेगळी असते, हे बऱ्याच घरांत कुणी पाहतच नाही.

फ्रीज आणि कुकर मिळून तेच यंत्र

कच्चं रात्री भरायचं, गार ठेवायचं आणि वेळेला थेट शिजवायचं, हे करायला कुकरच्या आतले स्टीलचे डबेच सगळ्यात सोयीचे. फ्रीजमध्ये राहतात तेच कुकरात जातात. काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं मात्र फ्रीजमधून थेट आचेवर कधीही नको, तडकतं.

रात्री जेवणं झाल्यावर अख्खा मसूर धुऊन एका डब्यात, बेताचं पाणी घालून झाकण लावा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर ओट्यावर भिजत ठेवण्याची सवय थंडीत चालते. मे महिन्यात सकाळी त्यावर फेस येतो आणि आंबूस वास मारतो. दुसऱ्या डब्यात मोड आलेली मटकी किंवा बटाट्याच्या फोडी, पाण्यात बुडवून. कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजून, वाटून, निवल्यावर वेगळ्या छोट्या डबीत. तांदूळ कोरडेच राहू द्या, ते आयत्या वेळी धुवायचे. मटण असेल तर सगळ्यात खालच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर गळणार नाही. मीठ-हळद लावून ठेवलं तर उत्तमच. हळद सांगलीची असली म्हणून मटण बाहेर टिकत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढायच्या आधी कुकरात पाणी घालून गॅस लावा, मग डबे काढा. गार डब्यांमुळे पहिली शिटी नेहमीपेक्षा उशिरा होते, आणि डब्याच्या आतलं अन्न कुकरातल्या वाफेच्या मागं राहतं. म्हणून नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त घ्या, नंतर दाब आपोआप उतरू द्या. तोवर हातपाय धुऊन होतात. मग कढईत वाटण परतून त्यात मसूर ओतायचा, एक उकळी आणायची. घरात पाऊल टाकल्यापासून ताटापर्यंत अर्ध्या तासात बसतं. भाकरी ज्याची त्यानं थापायची. त्यावर कुठल्याच देशाच्या यंत्रानं अजून उपाय काढलेला नाही.

माझ्या मते, गार-गरम यंत्रासाठी मोजायची सगळी रक्कम या शेवटच्या अर्ध्या तासाची किंमत असते. घरात म्हातारी माणसं एकटी असतील, त्यांना गॅस पेटवणं जमत नसेल, तर त्या अर्ध्या तासाला खरंच मोल आहे. धडधाकट माणसांच्या घरात मला तरी ते पटत नाही.

टायमरचा कुकर आणि बर्फ

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आणि काही राइस कुकरना ‘उशिरा सुरू’ची सोय असते. ही सोय गार ठेवत नाही, हे कंपन्या स्वतःच माहितीपुस्तिकेत सांगतात; मांस-मासे असं नासणारं काही टायमरवर ठेवू नका, अशी त्यांची सूचना असते. डाळ-तांदळासाठी मात्र एक युक्ती आहे. तांदूळ धुऊन, निथळून तळाशी घाला आणि पाण्याऐवजी तेवढ्याच वजनाचा बर्फ वर पसरा. बर्फ पिण्याच्या पाण्याचा, घरच्या फ्रीजरमधला. फॅक्टरीची लादी अन्नात घालायची नाही. अर्धा किलो बर्फ वितळताना सुमारे १६७ किलोज्यूल उष्णता शोषतो. बंद झाकणाच्या भांड्यात, बाहेर किती तापलंय त्यानुसार, तो तीन-चार तास पाणी गार धरून ठेवतो. एकदा सुट्टीच्या दिवशी स्वतः तपासा: बर्फ घाला, यंत्र सुरू न करता दर तासाला थर्मामीटर लावा, आणि आकडा ५ च्या वर कधी गेला ते लिहून ठेवा. तुमच्या घरची मर्यादा तीच. भांड्याभोवती टॉवेल गुंडाळून ती वाढवायचा मोह होईल, पण यंत्र नंतर तापणार आहे हे विसरू नका, तिथं कापड नको.

सकाळी शाळेवर जाऊन दुपारी एकला परतणाऱ्या शिक्षिकेला हे जमतं. बारा तास बाहेर राहणाऱ्याला नाही. फोनवरून चालू-बंद होणारा स्मार्ट प्लग लावून हे करू पाहणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, की टच बटणांची इंडक्शन शेगडी वीज परत आली तरी आपोआप सुरू होत नाही, आणि घरात कुणी नसताना दीड हजार वॉटचं काही दुरून सुरू करणं मला मंजूर नाही.

शिजून झाल्यावर ‘वॉर्म’वर राहणं ठीक, पण एकदा तापमान मोजून घ्या. ६० च्या वर असेल तर काळजी नाही. जुन्या राइस कुकरांत कडेचा भात ६५ ला आणि मधला ५५ ला, असंही दिसतं.

शिजलेलं पटकन गार कसं करायचं

यंत्रांना सगळ्यात अवघड जाणारं आणि घरात सगळ्यात दुर्लक्षित काम हे. मोठ्या स्वयंपाकघरांचा एक मापदंड आहे: ५७ अंशांवरून २१ वर दोन तासांत, आणि तिथून ५ वर आणखी चार तासांत. ब्रिटनमधली शिजवून-गार-करून पुरवठा करणारी केंद्रं आणखी कडक असतात, दीड तासात ३ अंशांपर्यंत. आपलं सहा लिटरचं झाकलेलं पातेलं ओट्यावर ठेवलं तर यातला सोपा मापदंडही पाळला जात नाही.

उपाय थराच्या जाडीत आहे. घट्ट पदार्थात थर निम्मा केला की गार व्हायला लागणारा वेळ जवळजवळ चौथाई होतो. म्हणून भात परातीत पसरा, दोन बोटांपेक्षा जाड थर नको. आमटी-रस्सा मोठ्या पातेल्यातून दोन-तीन पसरट भांड्यांत काढा. मग हे भांडं आणखी मोठ्या परातीत, पाण्यात ठेवा आणि पळीनं ढवळत राहा. नुसतं ढवळणंही खूप काम करतं, कारण मधलं गरम कडेला येतं. पहिलं पाणी नळाचंच असू द्या, ते तापलं की बदला, आणि बर्फ शेवटी घाला. दोन लिटर आमटी ६० वरून १० अंशांवर आणायला साधारण सव्वा किलो बर्फ वितळावा लागतो. तीच आधी नळाच्या पाण्यानं ४० वर आणली तर पाऊण किलोत भागतं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंघोळीइतकं गरम येतं, तेव्हा सकाळी भरून ठेवलेल्या पिंपातलं घ्या. बाहेरच्या परातीसाठी फॅक्टरीचा बर्फ चालतो, फक्त त्याचं पाणी आमटीत उडता कामा नये.

कोमट झालं की झाकण सैल ठेवून फ्रीजमध्ये. ‘गरम वस्तू ठेवली तर फ्रीज बिघडतो’ हे अर्धंच खरं. फ्रीज बिघडत नाही. शेजारचं दूध मात्र तापतं आणि सगळा फ्रीज काही तास ५ च्या वर जातो. म्हणून आधी पाण्यात, मग फ्रीजमध्ये, आणि भांड्यांच्या मधे हवेला जागा सोडून. परत गरम करताना मधोमध ७५ अंश होऊ द्या, तेही एकदाच. जेवढं खायचं तेवढंच काढायचं. सगळं पातेलं दिवसातून तीनदा तापवून तीनदा निवू दिलं, तर तेच अन्न पट्ट्यातून सहा वेळा जातं.

दुधाच्या बाबतीत हेच काम आपल्या भागात रोज होतं. पाश्चरायझेशनच्या संयंत्रात दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापतं आणि लगेच ४ अंशांवर उतरतं. पातळ स्टीलच्या पत्र्यांच्या एका बाजूनं गरम दूध परत येतं, दुसऱ्या बाजूनं गार दूध आत जातं आणि दोघं एकमेकांची उष्णता देतात-घेतात. बरीचशी वीज त्यातच वाचते. गार आणि गरम एकत्र आणण्याचा याहून हुशार नमुना मला ठाऊक नाही. घरच्या यंत्रांना हे जमत नाही, कारण ती एकाच वेळी गार आणि गरम करत नाहीत. आधी वीज खर्चून गारवा आणतात, मग पुन्हा वीज खर्चून तो घालवतात.

लाईट गेली तर

दार बंद ठेवलं तर फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या कायम गोठवून ठेवा आणि लाईट गेली की एक खालच्या खणात सरकवा. तुम्ही बाहेर असताना लाईट फार वेळ गेली होती का हे परत आल्यावर कळावं, म्हणून फ्रीजरमध्ये गोठलेल्या पाण्याच्या वाटीवर आधीच एक रुपयाचं नाणं ठेवा. नाणं बुडालेलं दिसलं म्हणजे मधे बर्फ वितळून पुन्हा गोठला. अशा वेळी मटण आणि शिजलेला भात फेकायचा. चव घेऊन ठरवायचं नाही, कारण विषाला चव नसते.

मेस आणि डबे देणाऱ्यांसाठी

मिरजेत दवाखान्यांसमोर पेशंटच्या नातेवाइकांना डबे देणारी घरं, सांगलीच्या विश्रामबागेत कॉलेजच्या मुलांच्या मेस, यांचा हिशेब वेगळा. पहाटे चारला उठून दोन-तीनशे माणसांचं ताजं करण्यापेक्षा आदल्या दुपारी शिजवून, झटकन गार करून, सकाळी गरम करणं त्यांना परवडतं. त्यासाठी ब्लास्ट चिलर असतो: जोरदार पंख्याचं, शक्तिशाली कंप्रेसरचं कपाट, जे गरम ट्रे दीड तासात ३ अंशांवर आणतं. इटलीच्या इरिनॉक्ससारख्या कंपन्या त्यातच मंद शिजवण्याची, पीठ फुगवण्याची आणि गोठलेलं सोडवण्याचीही सोय देतात. आधी ती सोय घेऊ नका. पैसे साध्या ब्लास्ट चिलरमध्ये घाला, शिजवायला गॅसच्या भट्ट्या आहेतच. जागा आणि पुरवठा तपासा. लहान पाच ट्रेची यंत्रं सिंगल फेजवर चालतात, मोठ्यांना थ्री फेज लागतो. यंत्राभोवती हवा फिरायला वीतभर जागा सोडा, आणि भट्टीच्या शेजारी तर ठेवूच नका.

ट्रेमध्ये दोन इंचांपेक्षा जास्त आमटी नको, नाहीतर तोच चिलर तीन तास घेईल आणि तुम्ही यंत्राला नाव ठेवाल. प्रत्येक ट्रेवर शिजवल्याची तारीख आणि वेळ चिकटपट्टीवर लिहा. ३ अंशांत ठेवलेल्या अशा अन्नाची मुदत शिजवल्याचा आणि खाण्याचा दिवस धरून पाच दिवस मानतात. फ्रीज सात-आठ वेळा उघडला जाणाऱ्या मेसनं ती दोन दिवसांवर आणावी, आणि भातासाठी दुसऱ्याच दिवशीची.

बेकरीवाल्यांना मात्र दोन्ही बाजूंचं एकच यंत्र खरंच कामाचं आहे. रिटार्डर-प्रूव्हर नावाचं कपाट पावाचं मळलेलं पीठ रात्रभर २ ते ४ अंशांत झोपवतं आणि पहाटे ठरलेल्या वेळी हळूहळू ऊब देऊन फुगवतं. तिथं पदार्थाला तो मधला पट्टा हवाच असतो, यीस्टची वाढ तिथंच होते. घेताना ओलाव्याची सोय आहे का पाहा. ती नसेल तर पिठावर साल धरते आणि सकाळी पाव वरून चिरतात.